हुकमी एक्क्याचा भाव

माणसानं जास्त पैसे मागावेत की नाही, या प्रश्नावर पुण्यात कधी मतभेद नव्हता. आपण मागावेत, दुसऱ्यानं मागू नयेत. गवयानं सुरांवरच्या प्रेमापोटी गावं, मास्तरानं मुलांवरच्या प्रेमापोटी शिकवावं, रिक्षावाल्यानं कोथरूडवरच्या प्रेमापोटी कोथरूडला यावं आणि आपला दोन खोल्यांचा ब्लॉक मात्र बाजारभावानं विकला जावा, इतकीच आमची साधी अपेक्षा. खेळाडूचं तर विचारूच नका. त्यानं पैशाचा नुसता 'पै' काढला तरी आम्हाला सात्त्विक संताप येतो. मग कुणीतरी पेन्शनीतला गृहस्थ 'आमच्या वेळी...' अशी सुरुवात करून त्याला देशप्रेमापासून संघनिष्ठेपर्यंत सगळं ऐकवतो. ऐकवणाऱ्यानं वेतन आयोगाच्या फरकासाठी चार अर्ज केलेले असतात, ती गोष्ट वेगळी.

माझा स्वतःचा या विषयातला अनुभव तोकडा आहे. सदतीस वर्षं मी एकाच कचेरीत काढली. तेवढ्या काळात 'हा माणूस आम्हाला द्या' असं म्हणत दुसऱ्या कुठल्या कचेरीनं दार वाजवलं नाही. आमच्या साहेबांनीच एकदोनदा 'हा माणूस कुणाला हवाय का?' म्हणून बाहेर चौकशी केल्याचं ऐकून आहे. त्यामुळे हुकमी एक्का म्हणून मिरवण्याचा योग आला नाही. पत्त्यांच्या डावात मी पंजा-छक्क्यांपैकी. डाव पूर्ण व्हायला लागतो, पण कुणी जपून ठेवत नाही.

माझ्या मेहुण्यांचं तसं नाही. त्यांना बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून रविवारी सकाळी उठल्यावर आज सुट्टी म्हणून ते खूश होतात. खेळ बघतानाही त्यांच्या मांडीवर कॅल्क्युलेटर असतो. २०१७ साली रायझिंग पुणे सुपरजायंटनं बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं, तेव्हापासून त्यांनी ही वही घातली. स्पर्धा संपल्यावर माझ्यापुढे ताळेबंद ठेवला.

"भाऊजी, बघा. स्टोक्सच्या धावा ३१६. धावेला पडले चार लाख एकोणसाठ हजार. आपल्या राहुल त्रिपाठीला घेतला दहा लाखांत. त्याच्या धावा ३९१. धावेला अडीच हजार! त्या उनाडकटला घेतलं तीस लाखांत, त्यानं काढल्या चोवीस विकेट. आता सांगा, साडेचौदा कोटी कशाचे?"

"अहो, स्टोक्सनं बारा विकेटही काढल्या की."

"त्या वरकड धरल्या. भेळेवर शेव टाकतात तशा."

पण खरी गंमत पुढेच आहे. स्टोक्स इंग्लंडच्या कामगिरीसाठी बाद फेरीआधीच परत गेला आणि २१ मे २०१७ ला हैदराबादेत अंतिम सामना पुणे हरलं. मुंबई ८ बाद १२९, पुणे ६ बाद १२८. एका धावेनं! मेहुणे बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "चार लाख एकोणसाठ हजारांचाच प्रश्न होता हो." हुकमी एक्क्याचा हिशेब असा असतो. तो असतो तेव्हा महाग वाटतो आणि नसतो तेव्हा स्वस्त.

आता काहीजण म्हणतील, की लिलावात खेळाडू बिचारा मागतोच कुठे? खरं आहे. लिलाव म्हणजे जुन्या काळची लग्नाची बैठक. नवरामुलगा खाली मान घालून बसलेला, वडील 'आम्हाला काही नको हो' म्हणतायत आणि आकडा सांगायचं काम मामाकडे. इथं मामाच्या हातात हातोडा असतो, एवढाच फरक. फुटबॉलमध्ये हा संकोच नाही. तिथं खेळाडू किंवा त्याचा दलाल सरळ मालकासमोर खुर्ची ओढून बसतो आणि 'इतके द्या, नाहीतर निघालो' म्हणतो.

तिथंही हे धाडस एका दिवसात आलेलं नाही. इंग्लंडात १९६१ सालापर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांच्या वर द्यायचे नाहीत असा नियमच होता. साठ हजार लोक तिकीट काढून बघायला येत आणि खेळणारा मोजून वीस पौंड घेऊन घरी जाई. जिमी हिलच्या पुढारीपणाखाली खेळाडूंच्या संघटनेनं संपाची धमकी दिली तेव्हा नियम गेला आणि फुलहॅम क्लबनं जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले. या क्लबचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हा व्यवसायानं विनोदी नट होता. त्यामुळे पहिल्यांदा लोकांना तो विनोदच वाटला असेल. हेन्सच्या काळात फुलहॅमनं एकही मोठा करंडक जिंकला नाही. म्हणून शंभर पौंड वाया गेले का? मला नाही वाटत. त्याच्या पायातली कला वीस पौंडांची नव्हती, हे निदान कुणीतरी कागदावर कबूल केलं.

आपल्या बालेवाडीतही हा अनुभव घेऊन झालाय. २०१४ साली एफसी पुणे सिटीनं डेव्हिड ट्रेझेगे आणला. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचा खेळाडू, २००० साली युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध निर्णायक गोल मारणारा. बालेवाडीत आला तेव्हा सदतिसाव्या वर्षात होता आणि त्यानं दोन गोल केले. त्या मोसमात पुण्याला उपांत्य फेरी दिसली नाही. मेहुणे म्हणाले, "हा म्हणजे जुन्या बाजारातला ग्रामोफोन. दिवाणखान्यात शोभतो, पण गाणी रेडिओवरच ऐकायची." २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत तो संघच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. नावाला पैसे मोजायचे की खेळाला, हा प्रश्न पुण्यापुरता असा सुटला.

पण खरा पेच पडला तो कबड्डीत. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला, शनिवारी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला. एका चढाईवरून एवढं भांडण झालं, की खेळ बराच वेळ थांबला. शेवटी आपण ३३-२९ नं सुवर्णपदक घेतलं. त्या इराणी संघातला मोहम्मदरेझा शादलू म्हणजे आडदांड कोपरारक्षक. माझा पुतण्या शनिवारी त्याच्या नावानं बोटं मोडत होता. सोमवारी मुंबईत लिलाव झाला आणि पुणेरी पलटणनं त्यालाच दोन कोटी पस्तीस लाखांना घेतला. "काका, शादलू आपला!" असं ओरडत पुतण्या आला. शनिवारचा शत्रू सोमवारी जावई!

मेहुण्यांनी लगेच वही काढली. संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून पाच कोटी खर्च करता येतात. खेळाडू अठरा ते पंचवीस. त्यातले जवळजवळ निम्मे पैसे एकट्याला. "एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेनं निम्मं कपाट घेतल्यासारखं झालं हे," मेहुणे म्हणाले. पण थोरली सून कामाची निघाली. त्या मोसमात शादलूनं पकडींचे ९९ गुण मिळवले, बाटाच्या दुकानातल्या किमतीसारखे. आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणनं पहिल्यांदा करंडक घेतला.

आणि मग पलटणनं त्याला सोडला.

यावरून आमच्या घरात उभी फूट पडली. पुतण्या म्हणे, निम्मे काय, पाऊण द्या पण ठेवा. मेहुणे म्हणत, एकाला एवढे दिले तर बाकीच्या पोरांनी काय चणे खायचे? तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोळ्यांच्या मावशींनी त्याच आठवड्यात महिन्याला चारशे वाढवून मागितले होते, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा होता.

मेहुणे म्हणाले, "ताई, तू मुळीच देऊ नकोस. दुसऱ्या मिळतील."

"मिळतील की. पण घडीचे पदर सुटतील अशा मिळतील का? मावशींना वाढवायला माझी ना नाही रे. त्या मागतात तेवढं त्यांचं काम आहेच. पण आणायचे कुठून? भांडीवालीच्या पगारातून? तिला कळायला दुसरा दिवस उजाडायचा नाही, आणि मग कढईचं बूड काळंच राहील. नुसत्या पोळ्या फुगून जेवण होत नाही, ताटंही लागतात."

शेवटी मावशींना चारशे मिळाले, भांडीवालीला दीडशे मिळाले आणि माझं दुसरं वर्तमानपत्र बंद झालं. पगाराची मर्यादा अशी पाळली गेली. बार्सिलोनाला हे जमलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी निम्म्या पगारावर राहायला तयार होता, तरी क्लबची थैली आधीच इतकी फाटलेली, की स्पॅनिश लीगच्या नियमात त्याला बसवता येईना. तो रडत पॅरिसला गेला. बंद करायला त्यांच्याकडे दुसरं वर्तमानपत्र उरलं नसावं.

शादलूचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणानं त्याला दोन कोटी सात लाखांत घेतला. म्हणजे आधीपेक्षा अठ्ठावीस लाख स्वस्त! त्या मोसमात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीनं मधेच बाहेर गेला आणि पुणे बाद फेरीत नव्हतं. २९ डिसेंबरला अंतिम सामना झाला तो कुठे? आपल्याच बालेवाडीत. पाटण्याला ३२-२३ हरवून हरियाणानं करंडक उचलला आणि उचलणाऱ्यांत आपला माजी जावई होता. पुतण्या दोन दिवस नीट जेवला नाही. "बघा काका, मी सांगत होतो!"

पण थांबा. २०२५ साली गुजरातनं त्याच शादलूसाठी दोन कोटी तेवीस लाख मोजले आणि त्यांना बाद फेरीचं दारही दिसलं नाही. उलट पुणेरी पलटण, घरात वाढवलेल्या पोरांच्या जिवावर, साखळीत पहिली आली आणि अंतिम सामना दिल्लीकडून २८-३१ असा फक्त तीन गुणांनी हरली. मेहुण्यांनी वही मिटली. जमा-खर्च जुळत नाही अशी त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वही.

मला विचाराल तर खेळाडूनं मागावं. आपण अठ्ठावन्न-साठपर्यंत खुर्ची उबवतो, त्याचा गुडघा तिशीत राजीनामा देतो. त्याला महागाईभत्ता नाही, पेन्शन नाही. दहा वर्षांत जे मागून घेईल त्यावर उरलेली चाळीस काढायची. असा माणूस 'वाढवून द्या' म्हणाला तर तो हावरट नव्हे. आम्हाला तो खटकतो, कारण साहेबांच्या दारापर्यंत जाऊन 'काही नाही, सहज आलो होतो' म्हणत परतलेली आमची पिढी. मागणारा दिसला की आम्हाला आमचं ते परतणं आठवतं.

आणि संघानं द्यावं का? द्यावं. पण आमच्या हिच्यासारखं द्यावं, आधी भांडीवालीचा पगार बाजूला काढून. बाकावरच्या अठराव्या पोराच्या पैशाला हात लागत नसेल, तर एक्क्याला पोटभर द्यावं. लागत असेल, तर त्याला हार घालून, नारळ देऊन, नीट निरोप द्यावा आणि पुढच्या वर्षी तो समोरून खेळायला आला तरी टाळी वाजवावी.

मेहुण्यांना हे पटलं. त्यांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली. एवढे कोटी देताना करारातच एक धाव जादा लिहून घ्यावी.