सुट्टीचे शेवटचे आठ दिवस

जयंतीचा मंडप उतरला की वस्तीला वर्षभराचं काम झाल्यासारखं वाटतं. आमचं म्हणणं असं की खरं काम जूनमध्ये असतं, विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींच्या सुट्टीच्या शेवटच्या आठ दिवसांत. कोण परत जाणार आणि कोण कायमचं घरी राहणार, हे त्याच दिवसांत ठरतं.

हे आम्ही अनुभवावरून सांगतो. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीतून आम्ही तिघं एकाच वर्षी एम.ए.ला गेलो. दोघं समाजशास्त्राला, तिसरा अर्थशास्त्राला. पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात घरी आलो. मृग लागला आणि सुट्टी संपत आली. सकाळी दुसऱ्याच्या रानात सरकी लावायला जायचं, दुपारी तालुक्याला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहायचं. जुन्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली, नवा मिळेना. "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. घरी आई शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होती आणि वडील बियाण्याच्या पिशवीचा हिशेब करत होते. पेरणी आणि विद्यापीठ दोन्ही एकाच महिन्यात पैसे मागतात.

तिसऱ्याची मागच्या वर्षाची शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती. आधीची फी भरा, मग पुढचा प्रवेश, असं त्याला कार्यालयातून सांगितलं होतं. त्यात पाऊस लांबला, घरी दुबार पेरणी आली. आम्हाला स्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी आठ दिवसांत येतो." तो आला नाही. आम्हा दोघांपेक्षा त्याचे मार्क जास्त होते.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही व्यवस्थेला दोष दिला. तो खोटा नव्हता. पण त्या वर्षीची जयंतीची वर्गणी आम्ही तिघांनीच दारोदार फिरून जमवली होती. खर्च जाऊन काही रक्कम शिल्लक होती. ती त्याला द्यावी, असं बैठकीत आम्ही बोललो नाही. त्याला मागायची लाज वाटली, आम्हाला विषय काढायची.

बाबासाहेबांच्या चरित्रातली १९१७ ते १९२० ही वर्षं आपण भाषणांत घाईनं ओलांडतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. पुन्हा जायला तीन वर्षं गेली. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढं जमल्यावर १९२० मध्ये ते गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. परत जायला त्यांनाही जिद्दीबरोबर पैसे लागले आणि ते उभे करायला माणसं पाठीशी राहिली. जिद्द आमच्या मित्राकडेही होती.

समाजशास्त्रात याला 'गळती' म्हणतात. या शब्दानं वाटतं की फळ आपोआप गळून पडलं. आमचा मित्र गळला नाही. त्याची वाट अडली होती आणि ती मोकळी करायला कुणी गेलं नाही, आम्हीही नाही.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तिथं वर्गणी कशाला? बरोबर आहे. ती वेळेवर मिळावी म्हणून निवेदनं, मोर्चे, माहिती अधिकाराचे अर्ज चालूच राहिले पाहिजेत. पण हक्क हातात पडेपर्यंतचे महिने पोरानं काढायचे कसे?

म्हणून आता आमच्या विहारात मे महिन्यातच वही उघडते. कोण परत जाणार, कोणता दाखला अडला, स्वाधारच्या अर्जाचं काय झालं, बसभाडं आणि मेसचं डिपॉझिट आहे का, हे आम्ही लिहून घेतो. जयंतीच्या शिलकीतून उसने देतो, शिष्यवृत्ती आली की परत घेतो, हिशेब भिंतीवर लावतो. मुलींच्या घरी आधी जातो, कारण "आता पुरे, स्थळ आलंय" हे याच आठ दिवसांत निघतं.

आपल्या बॅनरवर 'शिका' हा शब्द पहिला असतो. तुमच्या वस्तीतून या जूनमध्ये कोण कोण परत जाणार आहे, त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? नसतील तर आजच त्यांच्या घरी जा. त्यांना मागायला लावू नका.

जयभीम.