दुर्बिणीचे पाय

दूरची वस्तु जवळ आणून दाखविणारें यंत्र म्हणून दुर्बिणीची स्तुति सर्वत्र होते. परंतु ज्या तीन पायांवर ती उभी राहते त्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आम्हांसही ती झाली नव्हती, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या विद्यार्थ्यांसमक्ष घ्यावें लागलें. ती हकीकत येथें सांगतों.

डिसेंबर २०२४ मध्यें गुरु हा ग्रह पृथ्वीच्या बराच जवळ आला होता व सायंकाळींच पूर्वेस तेजानें झळकत असे. गॅलिलिओनें १६१० सालीं पाहिलेले त्याचे चार चंद्र मुलांस दाखवावे म्हणून आम्हीं सांगलीस शाळेच्या पटांगणांत दुर्बीण मांडली. मुलें रांगेनें येत, भिंगास डोळा लावीत आणि "दिसले सर, चारही दिसले!" असें म्हणून पुढें जात. इतक्यांत सातवींतील एक मुलगी थबकली व म्हणाली, "सर, मला चंद्र दिसत नाहींत. नुसत्या उजेडाच्या रेघा नाचतात." आम्हीं किंचित् रागानेंच म्हटलें, "नीट पाहा. इतरांस दिसतात, मग तुलाच कसे दिसत नाहींत?" ती मान खालीं घालून बाजूस झाली. मुलें गेल्यावर आम्हीं स्वतः डोळा लावला, तों खरोखरच रेघा नाचत होत्या! एकटी तीच खरें बोलली होती, आणि बोलणीं मात्र तिलाच खावीं लागलीं.

प्रथम आम्हीं दोष सांगलीच्या मऊ काळ्या मातीवर ढकलला. नाताळच्या सुटींत गांवीं साताऱ्यास गेलों तेव्हां दुर्बीण बरोबर नेली व यवतेश्वराच्या डोंगरावर उघड्या कातळावर उभी केली. तरीही प्रतिमा हालतच होती. तेव्हां दोष भुईचा नव्हे, पायांचा, हें उमगलें. दुर्बिणीबरोबर आलेली तिवई ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांची होती. शिवाय उंचीसाठीं आम्हीं त्या नळ्या पूर्ण ओढून मधला दांडाही वर काढला होता. शंभरपट मोठें दाखविणारी दुर्बीण तिला बसलेला हिसकाही शंभरपट मोठा करून दाखविते. नळीस हलकेंच टिचकी मारून आम्हीं मोजलें, तों प्रतिमा स्थिर होण्यास सहा सेकंद लागले.

मग साताऱ्याच्या एका वृद्ध सुतारांकडून सागवानी तिवई करवून घेतली. ते म्हणाले, "मास्तर, उंची कमी करा, पाय फांकवा, आणि पोटांत वजन घाला." त्याप्रमाणें पाय आंखूड व जाड झाले, मध्यें तिन्ही पायांस जखडणारी फळी बसली व तिच्यावर एक जड दगड ठेवला. लांकूड कंप लवकर जिरवितें. टिचकीचा थरकाप आतां दीड सेकंदांत विरूं लागला. पाहणाऱ्यास स्टुलावर बसावें लागतें, इतकेंच.

मोठे शास्त्रज्ञही या नियमांतून सुटत नाहींत. २२ जानेवारी १८९८ रोजींचें खग्रास सूर्यग्रहण पाहण्यास नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले होते. तेथील किल्ल्यांत दुर्बिणींसाठीं बांधलेले चौथरे 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखविले जातात. सुमारें दोन मिनिटांच्या दृश्यासाठीं एवढा पक्का पाया!

जानेवारींत सांगलीस परतल्यावर, मातींत रुतूं नये म्हणून प्रत्येक पायाखालीं फळीचा तुकडा ठेवला, आणि सर्वांआधीं त्या मुलीस बोलावून तिची क्षमा मागितली. तिनें बराच वेळ पाहिलें. मागून कोणी कुजबुजलें, "चार आहेत ना?" ती म्हणाली, "नाहीं, तीनच आहेत." आम्हीं पाहिलें, तीनच होते. चौथा त्या घटकेस गुरूच्या बिंबाआड गेला होता.

पालकहो, मुलांस दुर्बीण घेऊन द्याल तेव्हां ती किती पट मोठें दाखविते हें विचारण्यापूर्वीं तिला एक टिचकी मारून पाहा. आणि मुलांनो, जें दिसलें नाहीं तें दिसलें असें म्हणूं नका, मग समोर तुमचे शिक्षक कां उभे असेनात.