सगळं एकाच मशीनवर होतं तेव्हा

वर्डप्रेसची साइट बंद पडली की पूर्वी बघायच्या जागा मोजक्या असत. फाइलझिला उघडायचं, एफटीपीने होस्टिंगवर शिरायचं आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमधला डेटाबेसचा पासवर्ड ताडून पाहायचा. तो बरोबर निघाला तर एरर लॉग उतरवून घेऊन शेवटच्या ओळी वाचायच्या. कुठलं प्लगइन, कुठली फाइल, कितवी ओळ, सगळं तिथं लिहिलेलं असे. पडदा नुसताच पांढरा झाला असेल तर प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं. पुष्कळदा तेवढ्यानं साइट परत दिसू लागे.

मे २००३मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आणली. त्यानंतर कितीतरी वर्षं हा संसार आटोपशीर होता. अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल बहुतेक ठिकाणी एकाच मशीनवर नांदत. डेटाबेसचा पत्ता विचारला की 'लोकलहोस्ट' लिहून मोकळं व्हायचं. साइट एक तर चालू असे, नाही तर बंद. त्या स्वच्छ हिशेबाची मला आजही ओढ वाटते.

डिसेंबर २०१६मध्ये ४.७ आवृत्तीबरोबर लेख, पानं, प्रतिक्रिया रेस्ट एपीआयवरून हाताळण्याची सोय वर्डप्रेसच्या गाभ्यात आली. दोन वर्षांनी ५.०मधला ब्लॉक एडिटर त्याच पायावर उभा राहिला. आता लेख जतन करायचा तर ब्राउझर डब्ल्यूपी-जेसनच्या पत्त्याशी बोलतो. त्यामुळे बंद पडण्याचा एक नवाच प्रकार जन्माला आला. मुखपृष्ठ उघडतं, वाचक वाचत असतात, पण लेख जतन होत नाही. पडद्यावर निरोप येतो तो एवढाच, की मिळालेलं उत्तर वैध जेसन नाही.

त्यात डॉकर आलं. २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ते लोकांपुढे मांडलं आणि पुढं एका मशीनवरचा संसार विभागला गेला. वर्डप्रेस एका कंटेनरमध्ये, डेटाबेस दुसऱ्यात. बाहेरचा पोर्ट ८०८०, आतला ८०. साइटचा पत्ता 'लोकलहोस्ट:८०८०' असा नोंदवलेला. ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत दिसतं, पण साइट हेल्थच्या पानावर रेस्ट एपीआयपुढे लाल खूण आणि कर्लची सात नंबरची एरर: जोडणी नाकारली.

कारण असं, की वर्डप्रेस अधूनमधून बाहेर येऊन स्वतःच्याच दारावर टकटक करून पाहतं. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, आणि तिथं अपाची ८०वर बसलेला असतो. ८०८०वर ऐकणारं कुणीच नाही. वेळ लावून ठेवलेले लेखही याच टकटकीच्या भरवशावर असतात, म्हणून तेही अडकू शकतात. अपाचीला आतही ८०८०वर ऐकायला लावलं आणि पोर्टांची जोडणी तशी बदलली, किंवा आतून-बाहेरून सारखंच पोचता येईल असं होस्टनेम साइटला दिलं, की लाल खूण जाते.

डब्ल्यूपी-जेसन ४०४ देत असेल तर कारण वेगळं. तेव्हा साइटच्या पत्त्यापुढे '?रेस्ट_रूट=/' लावून विचारायचं. त्यावर जेसन आलं, तर एपीआय धडधाकट आहे; घोळ परमालिंकमध्ये किंवा रीराइटच्या नियमांत आहे. म्हणजे अपाचीत एचटीअ‍ॅक्सेस वाचायची परवानगी तपासायची आणि एनजिनएक्स असेल तर ट्राय-फाइल्सची ओळ.

पूर्वी 'काय बिघडलं?' एवढं विचारलं की भागायचं. आता त्याआधी 'कुठून विचारलं?' हे ठरवावं लागतं. तीच विनंती ब्राउझरमधून, मग यजमान मशीनवरून, मग कंटेनरच्या आत शिरून करायची. जिथं उत्तर बदलतं, तिथंच बिघाड.

जुन्या सोपेपणाची किंमतही होती. सर्व्हरवर कुणी काय बदललं, हे एखाद्याच माणसाच्या डोक्यात असायचं, आणि तो सोडून गेला की अपडेटचं बटण दाबायला हात धजावत नसे. आज डॉकर कंपोजच्या फाइलीत पोर्ट, व्हॉल्यूम, सेवांची नावं सगळं लिहिलेलं असतं. डेटाबेस आणि अपलोड व्हॉल्यूममध्ये असतील तर कंटेनर बेलाशक मोडावा आणि नव्यानं उभा करावा. एवढा निर्धास्तपणा तेव्हा आम्हाला कधी मिळाला नव्हता.

तरी या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी सगळं एकाच मशीनवर हातानं बसवून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. अपाची कुणाशी बोलतो, पीएचपी कुणाकडे मागते, हे एका जागी पाहिलेल्या माणसाला तीच मंडळी वेगवेगळ्या कंटेनरांत गेली तरी ओळखू येतात. डॉकर लॉग्जची आज्ञा दिल्यावर ज्या ओळी समोर येतात, त्या जुन्या एरर लॉगमधल्याच असतात, आणि त्या धीरानं शेवटपर्यंत वाचण्याची सवय त्या जुन्या मशीननं आम्हाला लावली.