उताऱ्याला विचारावयाचा प्रश्न

व्यापाऱ्याच्या घरात आकड्याचा संस्कार लवकर होतो. भाव, वजन, उधारी हे शब्द मुलांच्या कानांवर पाळण्यापासून पडत असतात. त्यामुळे शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली की घराचे सारे लक्ष गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीकडे जाते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. वेळ ९० मिनिटे. एका प्रश्नाला जेमतेम ७२ सेकंद, आणि त्यातच उतारा वाचणेही आले.

माझी नात मराठी शाळेत शिकते. घरी आम्ही मारवाडी बोलतो. गणितात ती तरबेज, पण उताऱ्यांच्या प्रश्नांत तिचे निम्मे गुण जात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, शेजारीच उत्तर सापडते, अशी एक युक्ती तिला शिकवणीत मिळाली होती. कथा असो वा कविता, ती तेवढेच करी. एके रात्री सरावाची प्रश्नपत्रिका बाजूला सारून ती म्हणाली, "दादाजी, मला मराठी येणारच नाही. ती आपली भाषाच नाही." चुकलेल्या उत्तरांपेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. ज्या भाषेत आमच्या चार पिढ्यांनी गिऱ्हाइकाशी बोलून संसार उभे केले, ती दहा वर्षांच्या मुलीला परकी वाटावी!

मग आम्ही काही दिवस उतारे सोडवणे थांबवले आणि ते ओळखण्यास आरंभ केला. सुरुवात दुकानातल्या कागदांपासून झाली. बिल हाती आले की आपण तारीख, माल आणि रक्कम पाहतो; लग्नपत्रिकेत मुहूर्त आणि स्थळ. व्याह्यांच्या पत्रात मात्र न लिहिलेलेही वाचावे लागते. जसा कागद, तसा त्याला प्रश्न.

एका जाहिरातीत 'निवडक कपड्यांवर ५० टक्क्यांपर्यंत सूट' असे होते. 'सर्व कपडे निम्म्या किमतीत मिळतील' या पर्यायावर तिने खूण केली. मी विचारले, "बेटा, हा फलक आपल्या दुकानावर असता, तर तू प्रत्येकाला निम्म्या किमतीत कापड दिले असतेस का?" ती क्षणभर थांबली, हसली, आणि 'निवडक' व 'पर्यंत' या दोन शब्दांखाली तिने रेघ ओढली.

पुढे प्रत्येक प्रकाराचा प्रश्न ठरत गेला. कथेत कोणाला काय हवे होते, आड काय आले आणि शेवटी काय बदलले? संवादात कोण कोणाला बोलतो आहे? उशिरा आलेल्याला "वा, फारच लवकर आलात!" म्हटले, तर अर्थ उलटा होतो. माहितीच्या उताऱ्यात मुख्य विधान कोणते आणि केवळ उदाहरण कोणते? सूचनाफलक कोणासाठी, केव्हापासून केव्हापर्यंत? कविता मोठ्याने दोनदा वाचावी आणि तिच्यातला 'मी' कोण ते पाहावे. झाड बोलत असेल तर तो 'मी' कवी नव्हे. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा; प्रश्नातल्या 'नाही', 'अयोग्य' या शब्दांना गोल करायचा. आणि पर्याय खरा असला तरी त्याला उताऱ्यात आधार आहे का, हे तपासायचे.

हे सारे शिकवताना मला जाणवले की आपल्या परंपरेला ही रीत नवी नाही. नावांत थोडाफार भेद असला, तरी कथा, गणित, आचार आणि तत्त्व असे शास्त्रांचे चार अनुयोग आपण मानतो. म्हणजे ग्रंथ हाती घेण्यापूर्वी त्याची जात ओळखावी, हे आलेच. स्वाध्यायाचेही पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचल्यावर लगेच विचारणे आले; उजळणी, चिंतन आणि दुसऱ्याला सांगणे त्यानंतर. घाईच्या तयारीत नेमकी पृच्छना गळते आणि नुसती उजळणी उरते.

नातीला शिष्यवृत्ती मिळाली नाही. काही गुणांनी ती हुकली. भाषेचे गुण मात्र चांगले वाढले. त्या चातुर्मासात स्थानकात धर्मकथा ऐकून झाल्यावर तिने साध्वीजींना हात जोडून मराठीत विचारले, "महाराज साहेब, राजाने सर्व सोडले, ते घाबरून की समजून?" साध्वीजींनी उत्तर देण्याआधी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. 'आपली भाषा नाही' हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात ऐकू आले नाही.

ज्यांच्या घरी यंदा परीक्षेची मुले आहेत, त्यांना एवढीच विनंती: रोज पेढीवरून आल्यावर पंधरा मिनिटे मुलांबरोबर एखादा उतारा, बातमी वा जाहिरात वाचावी, आणि उत्तर तपासण्याआधी "हे तुला कशावरून वाटले?" असे विचारावे. उद्या याच मुलांना करारपत्रांवर सह्या करावयाच्या आहेत. तिथे चार पर्याय छापलेले नसतात. 'पर्यंत' हा शब्द मात्र असतो.