पात्याचं पाणी

डाळिंबाची छाटणी झाली की बागेत फांद्यांचे ढीग पडतात. पूर्वी आम्ही ते ओढत बांधावर न्यायचो आणि काडी लावायचो. काटेरी लाकूड, ओढणाऱ्याच्या हातावर ओरखडे आणि सदऱ्याला भोकं ठरलेली. चार वर्षांपूर्वी मुलानं ट्रॅक्टरवर चालणारं, फांद्या बारीक करणारं मशीन आणलं. तो त्याला चिपर म्हणतो. आमचे गडी त्याला सरळ 'कुट्टी' म्हणतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. कडबा असो नाहीतर डाळिंबाची फांदी, पात्याचं काम एकच.

मशीन दारात उतरलं त्याच दिवशी मी मुलाला सांगितलं, "चालवायचं तू. पण पात्यांची धार माझ्याकडं. मी हो म्हटल्याशिवाय चालू करायचं न्हाय."

तो हसला. "आप्पा, धार लावून देणारे सांगोल्यात आहेत की. सकाळी पाती दिली की संध्याकाळी मिळतात."

"देत जाऊ. पण आल्यावर बघणार मी."

त्याला वाटलं, म्हाताऱ्याची हौस. हौस कसली! त्यामागं एक जुनी गोष्ट होती आणि ती मी घरात कुणालाच सांगितलेली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आमचा मुलूख माणदेशाच्या कडेचा. पाऊस चुकला की आधी गुरं जातात, मग माणसं बाहेर पडतात. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिल्लार बैलजोडी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. त्या साली त्यातला एक बैल मातीमोल किमतीला गेला. तात्या खडी फोडायला दुष्काळी कामावर जात. संध्याकाळी घरी आले की रिकाम्या दावणीकडं बघत बसत.

तेव्हापासून त्यांचा स्वभाव पालटला. कडब्याची एक काडी वाया गेली तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं आणि धाटं पायाखाली तुडवतं. तोच कडबा बारीक करून, वरून मिठाचं पाणी शिंपडून दिला तर गव्हाण चाटूनपुसून साफ. म्हणून 1975 साली त्यांनी कुट्टीचं हातयंत्र आणलं. जुनंच, दुसऱ्याच्या गोठ्यातलं, रंग उडालेलं. पण आमच्या वस्तीवरचं पहिलं.

लोखंडी पायांवर उभं, माझ्या छातीएवढं चाक. चाकाच्या आऱ्यांवर बोल्टानं आवळलेली दोन वाकडी पाती. एका अंगाला लांब पत्र्याचं पन्हळ, त्यात कडबा सारायचा. दोन दातेरी रूळ तो ओढून घेत आणि पात्यापुढं ढकलत. तोंडाच्या कडेला एक पोलादी पट्टी बसवलेली. फिरतं पातं आणि थांबलेली पट्टी मिळून कात्री होते. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं सारायचं. मी चाकावर, आक्का तोंडाशी. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

धार लावायला मला गावच्या लोहारानं शिकवलं. सगळे त्याला अण्णा म्हणत. तात्यांनी मला त्याच्याकडं चार दिवस बसवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं मला कानस हातात धरूच दिली नाही. नुसतं बघायला लावलं.

"पातं एकाच अंगानं घासायचं," तो म्हणायचा. "हे उताराचं अंग. पट्टीकडचं अंग सपाट. त्याला कानस लागली की पट्टीत नि पात्यात फट पडली. मग काडी कापत न्हाय, दुमडून फटीत बसती."

कानस पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची. पुढंमागं खरडलं तर कानशीचे दात मरतात आणि पात्याला लाटा पडतात. एका पात्याला जितके हात, दुसऱ्याला तितकेच. नाहीतर एक झिजतं, एक राहतं आणि चाक लंगडं फिरतं. घासून झालं की सपाट अंगावर नखाला बारीक खरखर लागते. ती निसण्यावर पाणी टाकून, पातं अगदी सपाट धरून, एकदोनदा अलगद फिरवून काढायची. शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा पट्टीवर धरायचा आणि चाक हळूच फिरवायचं. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला पाहिजे. जिथं दुमडला तिथं पातं लांब आहे, तिथला बोल्ट बघायचा.

एकदा कुणीतरी पातं घेऊन आला. बोल्ट निघेना म्हणून त्यानं ते विस्तवात तापवलेलं. कडेला निळी-जांभळी झाक आलेली. अण्णानं ते बोटानं वाजवून बाजूला ठेवलं. "ह्याचं पाणी उतारलं. आता कितीबी घास, सांजच्याला बोथट." पोलाद तापवून पाण्यात विझवतात तेव्हा त्याला पाणी चढतं, आणि पुन्हा नको तितकं तापलं की ते उतरतं, हे मला तेव्हा समजलं. आमच्याकडं धार लावण्याला पाजवणं का म्हणतात, याचाही मी त्या दिवशी माझ्यापुरता अर्थ लावला.

निघताना अण्णा म्हणाला, "धार गेली की माणूस जोर लावतंय. आन् जोर लावल्याला हात कुठं जाईल त्याचा नेम नसतो."

मी मान हलवली. चौदाव्या वर्षी माणूस मान फार लवकर हलवतो.

1977 चा चैत्र. गावची यात्रा. घरात पाहुणे, दावणीला पाहुण्यांचे बैल. सकाळी तात्या म्हणाले, "पाती पाजवून ठेव. दुपारच्याला कुट्टी लई लागंल." काम अर्ध्या तासाचं. मी पोत्यातनं कानस काढली, यंत्राशेजारी ठेवली, पाना शोधला. तेवढ्यात माळावर हलगी कडाडली. कुस्त्यांचा फड भरत होता. आल्यावर लावू म्हणून मी पळालो.

आलो तो दोन कुस्त्यांची बक्षिसं आणि एक पैलवानाची चितपट डोक्यात घेऊन. दारात तात्या उभे. "लावली का धार?"

"लावली."

एवढंच. एक शब्द. तात्यांनी पाती बघितली नाहीत. मी कधी खोटं बोललो नव्हतो, म्हणून बघायची गरज त्यांना वाटली नाही.

आक्का पदर खोचून तोंडाशी उभी राहिली. चाक जड जात होतं. कुट्टीऐवजी लांबलांब, चेमटलेल्या काड्या पडत होत्या.

"जड का रं जातंय?" तिनं विचारलं.

"कडबा ओला आसंल."

चैत्रातला कडबा आणि ओला! हे दुसरं खोटं. आक्का काही बोलली नाही. ती सारत राहिली, मी अंग टाकून चाक ओढत राहिलो. मग धाटं दुमडून पट्टीत अडकली आणि चाक थांबलं. आक्का पुढच्या बाजूला आली आणि अडकलेली चिपाडं उपसू लागली. मी चाकामागं होतो, मला तिचा हात दिसत नव्हता. मला वाटलं, एक झोका दिला की सुटेल. मी चाक मागं घेतलं आणि सगळ्या ताकदीनं पुढं ढकललं.

ती ओरडली नाही. "बाळ, थांब," एवढंच म्हणाली.

उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. तात्यांनी धोतर फाडून हात बांधला, बैलगाडी जुंपली आणि तालुक्याच्या गावाला नेलं. मी गाडीमागं पळत राहिलो. आईनं ती सगळी कुट्टी उकिरड्यात टाकली. त्या दिवशी पाहुण्यांच्या बैलांनी अख्खा कडबा खाल्ला. रात्री मी एकटा गोठ्यात गेलो, कंदील लावला आणि दोन्ही पाती काढून धार लावली. सकाळी तात्यांनी पाती बघितली. त्यांना ती धारदारच दिसली. माझं खोटं असं पक्कं झालं.

पुढं दोन स्थळं बोटांवरून मोडली. तिसरं जमलं. दाजी माणूस मोठ्या मनाचा. आक्का डाव्या हातानं शिवायला शिकली, उजव्यानं खुरपायला शिकली. भाकरी थापायला मात्र तिला वर्ष लागलं. तिच्या भाकरीच्या एका अंगाला काठ जरा जाड राहतो. माहेरपणाला आली की ती चुलीपुढं बसे, आणि ताटातली भाकरी फिरवून मी तो जाड काठ आधी खाई.

मळणीयंत्रांनी लोकांचे हात नेले, तेव्हा 1983 साली केंद्र सरकारनं घातक यंत्रांसाठी कायदा केला. पेपरात वाचलं तेव्हा मला आमचं यंत्र आठवलं. कायदा यंत्राला झाकण लावायला सांगेल, नुकसानभरपाई द्यायला सांगेल. पण पाती पाजवली का, या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला तो कुणाला कसं सांगणार?

आताचं मशीन त्या हातयंत्राच्या दसपट जोराचं. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो आणि पट्ट्यांवरून पुढं पात्यांची तबकडी त्याहून वेगानं फिरते. तिथं "थांब" म्हणायला कुणाला वेळ नाही.

डाळिंबाचं लाकूड कठीण, धार लवकर खातं. फांदीला माती असली तर आणखी लवकर. आधाराच्या तारेचा तुकडा आत गेला तर पात्याला खाच ठरलेलीच. म्हणून फांद्या आधी झटकायच्या, तारा तपासायच्या. तेल्या पडलेल्या फांद्या तर मशीनमध्ये घालायच्याच नाहीत, त्या वेगळ्या काढून जाळायच्या; नाहीतर रोगाचा भुगा आपणच बागेत पसरायचा.

धार गेल्याचं मशीन स्वतः सांगतं. धारदार पातं फांदी आपण होऊन ओढून घेतं आणि स्वच्छ चकत्या पडतात. बोथट झालं की चकत्यांच्या जागी दोऱ्या निघतात, भुकटी उडते, मशीन थरथरतं आणि फांदी तोंडात नाचते. मग माणूस ती ढकलायला लागतो. गेल्या वर्षी दुपारी मी बागेत गेलो तर एक पोरगा फांद्या पायानं आत रेटत होता. मी ट्रॅक्टर बंद केला.

मुलगा तणतणला. "आप्पा, दोन तासांचं काम राहिलंय. उद्या गडी मिळणार नाहीत."

"उद्या न्हाय तर परवा मिळतील."

त्या पोराला मी विचारलं, "ओढत नव्हतं तर सांगितलं का न्हाईस?" तो खाली बघत म्हणाला, "मालक म्हणतील, कामचुकार हाय." खरं तेच आहे. मशीनच्या तोंडाशी उभा राहणारा धार लावत नाही, आणि धार लावणारा तोंडाशी उभा राहत नाही.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला. ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात, पीटीओचा दांडा काढून बाजूला. तबकडी पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बंद केल्यावरही ती बराच वेळ घरघरत राहते. मग तिच्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा. पाती काढायच्या आधी त्यांवर आणि जागेवर एकदोनतीन अशा खुणा, म्हणजे ज्याचं त्या जागी जातं. चीक डिझेलच्या फडक्यानं पुसायचा. ग्राइंडरवर घासताना पातं घडोघडी पाण्यात बुडवायचं. कडेला निळी झाक आली की अण्णा आठवतो. शेवटी तिन्ही पाती तराजूत घालून वजनं जुळवायची. बोल्ट झिजला असेल तर नवा. खालच्या स्थिर पात्यापासूनचं अंतर मशीनच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच.

गेल्या संक्रांतीला आक्का आली होती. मी निंबाखाली पाती घेऊन बसलो होतो. ती समोर येऊन बसली. बराच वेळ बघत राहिली. मग आतून वर्तमानपत्र घेऊन आली आणि एक पान उरलेल्या बोटांत ताणून माझ्यापुढं धरलं. मी पातं हलकं फिरवलं. कागद न फाटता सरळ कापला गेला.

"झालं," ती म्हणाली.

का कोण जाणे, तेव्हाच माझ्या तोंडून गेलं, "आक्का, त्या दिवशी मी धार लावली नव्हती."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. सारताना हाताला कळतंय की. काडी कापली तर हाताला झटका बसत न्हाय. त्या दिवशी परत्येक येढ्याला बसत हुता."

"मग तात्यांना का न्हाय सांगितलंस?"

"सांगून बोटं आली आसती व्हय? तुला मातुर त्यांनी फोडला आसता." तिनं कागदाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून नीट घडी घातली. "आन् मी बी थांबायला पायजे हुतं. कळत हुतं, तरी सारत राहिले. पावण्यांचं बैल उपाशी हुतं."

इतकी वर्षं मी एकट्याचा समजून वाहिलेला भार तीही एका टोकाला धरून होती. मला काही बोलता आलं नाही. ती उठून चुलीकडं गेली.

रात्री जेवताना मी मुलाला सगळं सांगितलं. आक्का समोरच भाकरी थापत होती. तो आत्याच्या हाताकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. काही विचारलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी आले. मुलानं ट्रॅक्टरची किल्ली आणून माझ्या हातात दिली. "आप्पा, पाती बसवताना मला बोलवा," म्हणाला आणि त्या पायानं फांद्या रेटणाऱ्या पोरालाही हाक मारून जवळ बसवलं.