मधला खंड

त्रयीतील पहिल्या कृतीला आरंभाचे कुतूहल लाभते आणि तिसरीला शेवटाचे गांभीर्य. मधलीच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. पात्रे परिचयाची झालेली असतात, निकाल मात्र अजून दूर असतो. तरीही वाचक म्हणून माझा ओढा नेहमी मधल्या कृतीकडेच राहिला आहे.

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमर्याद सत्ता देणारी अंगठी नष्ट करावयास निघालेला फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि तेथेच हा खंड संपतो. तिसरा खंड आला तो ऑक्टोबर १९५५ मध्ये. तत्कालीन वाचकांना इतके महिने नायकाला कैदेत सोडून आपापल्या कामाला लागावे लागले.

मराठीत या अनुभवाच्या जवळ जाते ती महेश एलकुंचवार यांची नाट्यत्रयी. 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांसह संपूर्ण त्रयी 'आविष्कार'ने १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केली. येथे अद्भुत काही नाही. पण जमीन, वारसा आणि घरातील अधिकार यांचे राजकारण आहेच. पहिल्या नाटकात तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावकर देशपांड्यांचा वाडा खचत जातो. तिसऱ्यात अवर्षणाने सारे उजाड झालेले असते. मधल्या नाटकात मात्र, दहा वर्षांनंतर, परागमुळे घरात पुन्हा पैसा आलेला आहे. 'युगान्त' ठाऊक असलेल्या वाचकाला ही भरभराट निःशंक मनाने पाहता येत नाही.

मी रामदासपेठेत राहतो. आजोबांनी बांधलेल्या आमच्या बंगल्याच्या दोन्ही अंगांना आता सदनिकांच्या इमारती आहेत. पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा वर्षभर घरात पडून आहे. दादांनी सही केली आहे, धाकट्या बहिणीचा विरोध आहे, आणि माझी सही व्हायची आहे. असे असताना गेल्या मे महिन्यात दादांनी गच्चीची गळती दुरुस्त करून घेतली. आईने विचारले, "घर पाडायचंच आहे, तर हा खर्च कशाला रे?" दादा म्हणाले, "अगं आई, पाऊस काही करारासाठी थांबणार नाही."

मधल्या कृतीतील माणसे अशीच जगत असतात. पुढे काय होणार हे त्यांना माहीत नसते, पण आजचे काम टाळता येत नाही. शेवटच्या भागात ती परिणाम भोगतात; निवड मात्र बहुधा मधल्या भागातच होऊन गेलेली असते, आणि तीही एखाद्या साध्या दिवशी. म्हणून मधला खंड वाचताना मी घाई करीत नाही. पात्राला वेगळे काही करण्याची मुभा अजून उरलेली असते, ती याच पानांवर. कराराच्या मसुद्यात माझ्या नावापुढची जागाही अद्याप रिकामी आहे.