चूल एक झाली तेव्हा

बव्हेरिया आणि थुरिंगिया या जर्मन राज्यांच्या सीमेवर म्योडलारॉइट नावाचं पन्नासेक वस्तीचं खेडं आहे. गावाच्या मधून टानबाख हा ओहोळ वाहतो. एक ढांग टाकली की माणूस पलीकडे. १८१० मध्ये त्याच्या काठी हद्दीचे दगड रोवले गेले. अर्धं गाव बव्हेरियाच्या राजाकडे, अर्धं रॉइस नावाच्या छोट्या संस्थानाकडे गेलं. गावाला त्याचं काही वाटलं नाही. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला, चर्च बव्हेरियातल्या शेजारगावात. सगळे सगळीकडे जात. १९४५ मध्ये जर्मनी हरला. थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेला, बव्हेरिया अमेरिकेच्या, आणि तेच विस्मरणात गेलेले दगड कामाला आले. १९५२ मध्ये तिथे फळ्यांचं कुंपण उभं राहिलं, १९६६ मध्ये सातशे मीटरची काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्या माणसाने पलीकडच्या नातेवाइकाला नुसता हात हलवून दाखवायलाही बंदी होती.

जर्मनीची फाळणी म्हटली की सगळ्यांना बर्लिन आठवतं. मला हे खेडं जास्त शिकवून जातं. देश तोडायला फार काही लागत नाही. एखादी जुनी, निरुपद्रवी रेघ पुरते. तिच्यावर पहारा बसला की झालं. उलटा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

आपल्याकडे भावाभावांच्या वाटण्या होतात. त्याची रीत ठरलेली असते : चार जाणती माणसं बसतात, सातबारा निघतो, भांडी मोजली जातात, ओसरीत भिंत येते. वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एक करायची रीत मात्र कुठेच नाही, कारण पहिलाच प्रश्न अडतो : चूल पेटणार कुणाच्या घरात? ज्या घरात पेटेल तिथली सून तिच्या सवयीच्या जागी सवयीचा डबा काढते. दुसरीची सुरुवात मीठ कुठे ठेवलंय हे विचारण्यापासून.

पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात दोन वाटा होत्या. कलम १४६ प्रमाणे सगळ्या जर्मनांनी मिळून नवी राज्यघटना करायची. कलम २३ प्रमाणे पूर्वेने आहे त्या व्यवस्थेत सामील व्हायचं. निवडली गेली ती दुसरी वाट, आणि ती कुणी लादली असं म्हणता येत नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर रोज माणसं पश्चिमेकडे निघून जात होती. मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव किती काळ टिकतील, सांगता येत नव्हतं. १८ मार्च १९९० च्या मुक्त निवडणुकीत पूर्वेच्या मतदारांनीच लवकरात लवकर एक होऊ म्हणणाऱ्यांना कौल दिला. ३ ऑक्टोबरला देश एक झाला. नवं घर बांधलं गेलं नाही. जुन्या घरात पूर्वेच्या पाच राज्यांच्या पाच खोल्यांची भर पडली.

या घाईची किंमत कळायला मला आमच्या घरातले जुने कृष्णधवल फोटो उपयोगी पडतात. ते ‘ओर्वो’ फिल्मवर काढलेले आहेत. भारत आणि पूर्व जर्मनी यांचा व्यापार रुपयांत चाले, म्हणून ती फिल्म इथे मिळे. ती वोल्फेनच्या कारखान्यात तयार होई. हा मूळचा आग्फाचा कारखाना. १९३६ मध्ये आग्फाकलर ही रंगीत फिल्म इथूनच बाहेर पडली. युद्धानंतर तो सोव्हिएत बाजूला राहिला आणि १९६४ मध्ये त्याच्या फिल्मला ‘ओर्वो’ हे नवं नाव मिळालं. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक दराने बदलले गेले, लोक हरखले. पण त्याच दिवसापासून कारखान्यांचा खर्चही भारी चलनात मोजला जाऊ लागला. पूर्व युरोपातल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे ते चलन नव्हतं, आणि घरच्या गिऱ्हाइकाला आता पश्चिमेचाच माल हवा होता. चाळीस लाखांच्या आसपास कामगारांचे कारखाने ट्रॉयहांड या सरकारी संस्थेकडे विकायला आले. बरेच विकले गेले, बरेच बंद पडले. वोल्फेनमध्ये आज फिल्मचं संग्रहालय आहे.

पूर्वेतला जन्मदर १९८९ नंतरच्या पाच वर्षांत निम्म्याहून खाली आला. युद्ध नाही, दुष्काळ नाही, उलट स्वातंत्र्य मिळालेलं, आणि तरी माणसं मूल होऊ द्यायला थांबली. उद्याचा भरवसा गेला की असं होतं. पायाखालची जमीन फक्त एकाच बाजूची सरकली होती. चलन, कायदे, पाठ्यपुस्तकं, विमा, नोकरीचे अर्ज, सगळं पूर्वेने नव्याने शिकायचं होतं. पश्चिमेच्या माणसालाही बदलायला लागलेली ठळक गोष्ट मला एकच आठवते : १ जुलै १९९३ पासून सगळ्यांना पाच आकडी नवा पिनकोड मिळाला.

म्हणून जुन्या पूर्व जर्मनीसाठी उसासे टाकावेत, असं नाही. स्टासी या गुप्त पोलिसांनी मागे ठेवलेल्या कागदांची रांग १११ किलोमीटर भरते. शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल काय कळवलं, ते त्यांत आहे. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसांचा जीव गेला. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यांवर सत्तर हजार माणसं गोळी झाडली जाईल या भीतीनिशी चालली, ती काही उगाच नव्हे. पण राज्य वाईट होतं म्हणून त्याखाली जगलेलं आयुष्यच रद्दीत जमा होत नाही. त्या चाळीस वर्षांत लोकांनी संसार केले, कामं शिकली, मुलं वाढवली. एकीकरणानंतर त्यांना खुपलं ते हे, की त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलंच नाही.

पुढे थोडं थोडं वाटलं. पूर्वेतली पॉलिक्लिनिकं मोडीत निघाली होती. २००४ मध्ये तशाच धर्तीची वैद्यकीय केंद्रं सगळ्या देशासाठी कायद्यात आली. पूर्वेत पाळणाघर हा रोजचा रिवाज होता. २०१३ मध्ये एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा हक्क देशभर मिळाला. सगळ्यात आधी आला तो सिग्नलवरचा छोटा हिरवा बाण. लाल दिवा असतानाही थांबून, पाहून उजवीकडे वळायची मुभा देणारी ही पाटी पूर्वेतली. १९९४ मध्ये ती सबंध जर्मनीच्या वाहतूक नियमांत गेली.

दुबळ्या बाजूने बदलणं हे ओघानेच होतं, त्याला धोरण लागत नाही. भक्कम बाजूने दुसऱ्याचं काही मागून घेणं, हे मला एकीकरण वाटतं. त्या मापाने जर्मनी एक व्हायला १९९० मध्ये नव्हे, त्या बाणापासून सुरुवात झाली, आणि काम अजून चालू आहे.